शपथ मोडावी का?

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागेतील वसतिगृहात राहते. माझ्या खोलीतील मैत्रीण महिनाभर रात्र रात्र जागी असते, घरचा डबा न उघडताच परत पाठवते आणि ‘मी नसते तर बरे झाले असते’ असे दोनदा म्हणाली. कोणाला सांगू नकोस, अशी तिने शपथ घातली आहे.

उत्तर : ही शपथ अवश्य मोडा. आधी तिला एकांतात, शांतपणे विचारा, ‘जीव देण्याचे विचार मनात येतात का?’ असे विचारल्याने ते विचार रुजतात हा समज चुकीचा आहे. उलट कोंडलेले बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले, तर तिला एकटे सोडू नका, त्याच रात्री रेक्टरबाईंना उठवा आणि धोका समोर दिसत असेल तर ११२ वर फोन करा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही समुपदेशक बोलतात, तेथे तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता, कारण महिनाभर हे ओझे तुम्ही एकटीने वाहिले आहे. उपचारांची वाच्यता होईल अशी तिला भीती असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे तिला जरूर सांगा.