मिनरल वेल्सला सापडलेला ट्रायलोबाइट घरी येईपर्यंत भुगा झाला, नेमकं काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय की लेकाला घेऊन टेक्सासच्या मिनरल वेल्स फॉसिल पार्कला गेलात, मऊ राखाडी शेलमध्ये (थराथरांचा दगड) नखाएवढा ट्रायलोबाइट दिसला, म्हणजे समुद्रातल्या कवचवाल्या, कधीच नामशेष झालेल्या किड्याचा जीवाश्म, चिमट्याने अलगद उचलून डबीत ठेवला, आणि डॅलसला येऊन डबी उघडली तर आत नुसता चुरा, पोरगं रडवेलं. माझं पहिल्या खेपेला अगदी सेम हेच झालं होतं हो. मी तर डबी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली, जून महिना, वेदरफर्ड येईपर्यंत आतल्या दगडाचे पापुद्रे सुटलेले दिसत होते आणि मी गाडी चालवत नुसता बघत होतो.

चूक एकच, तुम्ही ट्रायलोबाइट उचललात, दगड नाही उचलला. बाकी सगळं त्याच्यापुढचं आहे.

शेल म्हणजे काय तर खारी बिस्किट समजा, थरावर थर. समुद्राच्या तळाचा चिखल दबून झालेला दगड, त्यात चिकणमातीचे मिनरल्स, ते पाणी पितात आणि फुगतात, वाळले की आकसतात. ती जागा मुळात गावाच्या कचरा डेपोसाठी माती उपसून झालेला खड्डा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाला आणि मग वीस वर्षं पावसाने धुतला तेव्हा कुठे ३० कोटी वर्षांपूर्वीचं हे सगळं उघडं पडलं. म्हणजे वरचा थर कितीतरी वेळा भिजून वाळून आधीच मोडकळीला आलेला असतो, कवच फक्त त्या थराच्या आधाराने एकत्र राहिलेलं असतं, तुम्ही आधार काढला आणि वर गाडीच्या एसीत पटकन वाळवलात, तर ते राहणार कसं?

आणखी एक, लेकाला सांगा की कदाचित तो किडा आधीपासूनच अख्खा नव्हता. ट्रायलोबाइट खेकड्यांसारखं कवच टाकायचे, त्यामुळे सापडतात ते बरेचसे तुकडे म्हणजे त्यांची टाकलेली कात, कुठे नुसती शेपटी कुठे नुसतं डोकं. त्यातून कार्बोनिफेरसमध्ये, म्हणजे हा दगड झाला त्या काळात, यांचा एकच गट, प्रोएटिडा, शिल्लक राहिलेला, बाकीचे गट त्याआधीच संपले. हेही बहुतेक लहान लहान, एक-दोन सेंटिमीटरचे. त्या भागात दिटोमोपायजी नावाचा मिळतो, आणि नशीब असेल तर गोळी झालेला मिळतो, पावसाळ्यात आपल्याकडे अंगणात हात लावला की गोल होणारा किडा असतो ना तसा. अशी सुटी गोळी बरीच घट्ट असते, ती बिनधास्त उचला, खालचं सगळं पुराण तिच्यासाठी नाही.

आता दगडात अडकलेल्याचं. दिसला रे दिसला की हात मागे घ्या. आधी फोटो, बाजूला नाणं ठेवून. मऊ ब्रशने फक्त सुटी धूळ झटका, फुंकर पण जपून, मी एकदा फुंकरीने अर्धी शेपटी घालवलीये. पाणी अजिबात नको. खात्री करायची असेल तर जवळचाच एक साधा तुकडा बाटलीच्या झाकणात पाण्यात टाकून बघा, पाच मिनिटांत त्याचा चिखल होताना दिसला की कळेल मी का सांगतोय ते.

मग ग्लू, आणि हा उचलायच्या आधी, जागेवरच. म्युझियमवाले पॅरालॉइड बी-७२ वापरतात, छोटे पारदर्शक मणी मिळतात ऑनलाइन, ॲसिटोनमध्ये विरघळतात. १०० मिली ॲसिटोनला ५ ग्रॅम, काचेच्या बरणीत रात्रभर ठेवायचं, मधून मधून हलवायचं. ॲसिटोन हार्डवेअरच्या दुकानातलं प्युअर घ्या, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल आणि काय काय असतं. आणि ते पेट घेतं, तेव्हा बरणी उन्हात तापलेल्या गाडीत सोडून जाऊ नका. हे पातळच हवं, पाण्यासारखं, म्हणजे दगड ते पितो. ड्रॉपरने थेंब कवचावर नाही, शेजारच्या दगडावर सोडायचा, तो आपोआप आत ओढला जातो. थांबा, परत एक थेंब. पिणं बंद झालं की बास. दुपारच्या उन्हात केलंत तर आत मुरायच्या आधीच वर साय धरते, म्हणून सकाळी करा नाहीतर छत्री धरायला लेकाला उभं करा (त्याला पण काम). दगड ओला असेल तर हे पांढरं पडतं, मग तिथे न लावता नुसतं पॅक करून घरी आणा, सावकाश वाळल्यावर लावा.

सुपरग्लू वापरू का हे नक्की विचाराल. तुटलेले दोन तुकडे चिकटवायला ठीक आहे एखादेवेळेस, पण माझ्याकडे एक नमुना आहे ज्याच्यावर मी उत्साहात अर्धी ट्यूब ओतली होती, मातीसकट चकचकीत झालाय, जिलेबीच्या पाकात बुडवल्यासारखा, आणि तसाच राहणार. पॅरालॉइड चुकलं तर ॲसिटोनच्या ब्रशने परत काढता येतं, सगळा फरक तिथे आहे.

ग्लू वाळला की चाकूने चारही बाजूंनी, दोन-तीन सेंटिमीटर अंतर सोडून, वडी पाडतो तसा चौकोन कापा, खोल. मग खालून तिरकी सुरी घालून अख्खी वडी सोडवायची. लोभाने जवळून कापू नका, चीर कधी आत पळेल सांगता येत नाही. तिथे पॉवर टूल चालत नाहीत आणि तशी गरजही नाही, माझी किचनमधली जुनी बटर नाइफच आहे. वडी सुटताना थर उघडून दोन भाग झाले तर दोन्ही घ्या! एकीकडे कवच, दुसरीकडे त्याचा छाप. कवच पुढे चुरलं तरी छापावरून सिलिकोनने साचा घेता येतो, माझा सगळ्यात चांगला नमुना असाच वाचलाय.

वर टिश्यू पेपरचे दोन-तीन थर, मग ॲल्युमिनियम फॉइल घट्ट दाबून, आणि झिपलॉकमध्ये, पिशवीवर तारीख आणि जागा मार्करने लगेच, घरी लिहू म्हटलं की विसरतोच माणूस. गाडीत सीटखाली ठेवा, उन्हात नाही. घरी झिपलॉकचं तोंड बोटभर उघडं ठेवून कपाटात आठवडा-दोन आठवडे. हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे, लेक रोज विचारेल, देऊ नका.

नंतर साफ करताना दहा पट भिंग आणि पिन, दगड कवचापासून लांब ढकलत, दर थोड्या वेळाने एक थेंब ग्लू. व्हिनेगर चुकूनही नको, कवच कॅल्साइटचं आहे, विरघळेल.

मी साताऱ्याचा, घराभोवती सगळा लाव्हाचा काळा दगड, त्यात समुद्रातला किडा कुठून मिळणार, त्यामुळे इथे दर महिन्याला खड्ड्यात रांगत बसतो आणि बायको हसते. पाऊस पडून दोन दिवस ऊन पडलं की जा, नवीन धुऊन निघालेलं असतं. पार्क रोज उघडं नसतं, वेळ बघून निघा. साप असतात, हात घालायच्या आधी बघा.

आणि डबीतला भुगा अजून टाकू नका. पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली बघा, शेपटीच्या कडेचे मोठे तुकडे असतील तर जुळतात. एक फोटो टाका, बघतो.