जुलैत सकाळी अकरा वाजता घरात कोण असतं?

प्रिय मावशी,
आम्ही सोलापूरचे. नवऱ्याला गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात चांगली नोकरी लागली. होकार कळवून झाल्यावर त्यांनी मला सांगितलं. मे महिन्यात रुजू झाले, सध्या गेस्ट हाऊसमध्ये राहतात. थोरली आठवीत, धाकटा पहिलीत. सासूबाई सत्तरीच्या, दमेकरी. ‘मी सोलापूर सोडणार नाही’ म्हणून अडून बसल्यात. यांना कोलव्याजवळ, समुद्रापासून पाच मिनिटांवरचं एक बैठं घर आवडलंय. रविवारी टोकन देतो म्हणतात, आणि गणपतीपर्यंत सगळ्यांनी तिकडे यायचं. यांचे साहेब पर्वरी चांगली म्हणतात. मला पणजी हवी, निदान चार माणसं दिसतील. इथे मी घरी शिकवण्या घेते, त्या बंद होणार. आमच्याकडे पाऊस आला की मुलं अंगणात नाचतात. तिकडे म्हणे चार महिने थांबतच नाही. कुठे राहावं? घर विकत घ्यावं की भाड्यानं? रोज रात्री फोनवर याच्यावरूनच भांडण होतं.
— एक सोलापूरकर

अगं, मावशी म्हणालीस तेव्हा तुला अगं-तुगंच करते.

आधी ते टोकन थांबव. बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल.

पत्रात एक वाक्य तू घाईघाईत लिहून पुढे गेलीस: ‘होकार कळवून झाल्यावर त्यांनी मला सांगितलं.’ मला वाटतं, रोज रात्रीच्या भांडणाचं मूळ तिथे आहे. न विचारता गाव बदललं, त्याचा राग अजून बाहेर पडलेला नाही, मग तो कोलव्यावर निघतो. त्यांनी कोलवा म्हटलं म्हणून तू पणजी म्हणालीस. त्यांनी पणजी म्हटलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, स्वतःलाच विचारून बघ. हे त्यांना एकदा सरळ सांग, पण भाड्याचा विषय चालू असताना नको. घराबद्दल बोलायचं त्या दिवशी फक्त घराबद्दल बोला. नवरा वाईट आहे असं तुझ्या पत्रावरून मला वाटलं नाही. चांगली नोकरी मिळाली आणि माणूस हुरळून गेला, इतकंच. पण पुढचा निर्णयही त्यांनी एकट्यानं घ्यावा आणि तू नुसतं कुरकुरावं, हे मात्र आता पुरे.

आता पाऊस. सोलापूरला वर्षाला साधारण 550 ते 600 मिलिमीटर पडतो. पणजीत एकट्या जुलैची सरासरी त्याहून कितीतरी जास्त. गोव्याचं वर्षाचं माप 3,000 च्या आसपास, आणि सह्याद्रीकडे सरकाल तसं ते वाढत जातं. वाळपई-सांगे बाजूला बऱ्याच वर्षी 4,000 ओलांडतं. पण ‘थांबतच नाही’ हे खरं नव्हे. जूनमध्ये तो कोसळतो आणि मग पळभर लख्ख ऊन पडतं. जुलैत झड लागते, तेव्हा मात्र आठ-आठ दिवस सूर्याचं दर्शन नाही. ऑगस्टपासून उघडीप मिळू लागते आणि चवथीला, म्हणजे तुमच्या गणपतीला, ऊन-पावसाचा खेळ चालू असतो. भिजून कोणी वैतागत नाही गं. माणसं जेरीला येतात ती ओलीनं. कपडे चार दिवस वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी येते, कपाटातल्या रेशमी साड्यांना वास मारतो. तुझ्या ज्वारीच्या पिठात आठवड्यात किडे होतील आणि शेंगाचटणी खवट होईल. पीठ थोडं थोडं दळून आणायचं, चटणी फ्रीजमध्ये. सोलापुरी चादरी मात्र भरपूर आण, रात्री लागतात.

ही सगळी ओल दिवसभर कोण सोसणार? म्हणून घर निवडताना मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: जुलैच्या झडीत सकाळी अकरा वाजता या घरात कोण असणार आहे? तुमच्या घरी तू असणार. नवरा कारखान्यात, मुलं शाळेत. तेव्हा घर तुझ्या दृष्टीनं निवडायचं. त्यांच्या रविवारच्या समुद्राला त्यात शेवटचा नंबर.

त्या समुद्राबद्दलही सांगते. पावसाळ्यात कोलव्याच्या किनाऱ्यावर लाल बावटे लागतात, पाण्यात उतरू देत नाहीत. शॅक, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या खानावळी, काढून ठेवलेले असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी, त्यामुळे मासळीही कमी आणि महाग. पर्यटक गेले की त्या गल्ल्यांमधली निम्मी घरं कुलूपबंद. वर खारा वारा: स्कूटर, फ्रीज, खिडकीचे गज, सगळ्याला गंज. ज्या गावात चार माणसं दिसावीत म्हणून तू तळमळतेयस, तिथे जुलैत तुला कुत्री दिसतील. शिवाय बैठं घर. ओल जमिनीतून भिंतीत चढते, पाणी वर आलं की शोषखड्डा तुंबतो, आणि साप-विंचू कोरडी जागा शोधत येतात. तुमच्याकडे हवा कोरडी, तिथे बैठं घर शोभतं. इथे नवख्या माणसानं पहिल्या पावसाळ्यात तरी बैठ्या घरात राहू नये. नाताळात तिथे हवे तितके रविवार घालवा.

पर्वरी चांगली वस्ती आहे, पण तिथून वेर्ण्याला जायचं म्हणजे रोज मांडवी आणि झुआरी या दोन्ही नद्या ओलांडायच्या. नवा झुआरी पूल झाल्यापासून पूर्वीसारखी कोंडी राहिली नाही हे खरं. तरीही मुसळधार पावसात महामार्गावरून रोज जाणं-येणं, आणि माणूस घरी उशिरा आला की भांडणाला नवीन कारण. साहेबांना बहुधा ड्रायव्हर असेल.

पणजी मलाही आवडते. पण पणजीत राहायचं तर उंचावर, आल्तिनोसारख्या ठिकाणी, आणि तिथलं भाडं तू एकदा ऐक. खाली 18 जून रस्ता, मळा, सांतिनेज इथे जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की रस्त्यावर पाणी उभं राहतं. पावसाचं पाणी नदीत जायचं, तर नदीच चढलेली असते. म्हणून गोव्यात पाऊस किती पडेल एवढं विचारून भागत नाही, भरतीची वेळही बघावी लागते. पणजीच्या आसपास मेरशी, सांताक्रूझ, ताळगाव या बाजूंना नव्या इमारती दिसतील. तिथे जमीन पूर्वी काय होती ते विचार. खाजन असेल, म्हणजे बांध घालून आणि भरतीचं पाणी अडवणारी दारं (मानस) बसवून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं, तर तिथे भराव टाकून उभ्या केलेल्या इमारतीपासून चार हात लांब राहा. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही, असं इथली जुनी माणसं म्हणतात ते उगाच नव्हे.

तुमच्यासाठी दोनच ठिकाणं मला पटतात: मडगाव नाहीतर फोंडा. (मी फोंड्याकडची, तेव्हा माझ्या मताला थोडी काट लाव.) मडगाव वेर्ण्याला सर्वांत सोयीचं. बाजार, जिल्हा इस्पितळ, रेल्वे, शाळा सगळं हाताशी, आणि वर्षभर माणसांनी भरलेलं गाव. फक्त साळ नदीकडची सखल बाजू टाळा आणि चढावरचं घर बघा. फोंड्याहून बोरीच्या पुलावरून वेर्णा, अंतर थोडं जास्त, पाऊसही थोडा जास्त. पण मराठी माणसाला फोंड्यात परकं वाटत नाही. देवळं, भजनं, नाटकं, राजीव गांधी कलामंदिर, आणि मराठी वाचणारी माणसं घराघरांत. तुझ्या शिकवण्या दोन्हीकडे चालतील. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी विषयासाठी शिकवणारं कुणीतरी हवंच असतं. तू एकटी पडशील ही मला खरी काळजी आहे. म्हणून माझा कौल फोंड्याला. पण नवऱ्याला पाळीची ड्युटी असेल आणि रात्री-अपरात्री यावं लागत असेल, तर मडगाव.

घर कसं बघायचं ते नीट ऐक. नवऱ्याला सांग, दर रविवारी छत्री घेऊन निघा आणि कोसळत्या पावसात घरं बघा. डिसेंबरात सगळी घरं कोरडी असतात. आत गेल्यावर नाक वापरा; ताजा रंग मारलेला असेल तर कपाटाच्या मागची भिंत हातानं चाचपा. आमच्याकडे वारा-पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या भिंतीला, खिडक्यांना पुरेसा छज्जा आहे का? निजायची खोली त्याच बाजूला असेल तर दुसरं घर बघा. सर्वांत वरचा मजला नको, गच्ची गळते. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर रात्रभर ताशा. खाली पार्किंग आणि त्यावरचा पहिला मजला, हे सर्वांत बरं: जमिनीची ओल नाही, आणि लिफ्ट बंद पडली तरी सासूबाई एकच जिना चढतील. लिफ्ट बंद पडणारच, कारण वीज जाते. माडाची झावळी तारेवर पडली की गेली. किती वेळ जाते, हे घरमालकाला विचारू नका, समोरच्या दुकानदाराला विचारा. पाणी कुठपर्यंत येतं, हेही त्यालाच. झटका लागला की वीज तोडणारा स्विच मीटरजवळ आहे का ते बघा. ओल्या भिंतीतल्या वायरिंगशी मस्करी नको. आणि कपडे वाळत घालायला खोल बाल्कनी. दिसायला फालतू गोष्ट आहे, पण पहिलीतल्या मुलाचे गणवेश आठव.

विकत घ्यायचं म्हणशील तर आत्ता मुळीच नाही. एक अख्खा पावसाळा त्याच गावात भाड्यानं काढा, मग बोला. इथल्या जमिनीला मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा हक्क), कोमुनिदाद (गावकीची सामाईक जमीन), सनद (जमिनीवर घर बांधायची सरकारी परवानगी) अशा भानगडी असतात. गोव्यातला वकील घातल्याशिवाय कशावरही सही करू नका. भाड्याचा करार मात्र नीट लेखी करा आणि भाडेकरूची पोलीस पडताळणी घरमालकाकडून करून घ्या. ‘पर्यटक आले की दोन महिने खाली करा’ असलं काही कलम किनाऱ्याकडच्या करारात दडलेलं असतं, तेही वाचा.

गणपतीपर्यंत यायचा हट्ट मला पटत नाही. मुलीची आठवी मध्येच तोडायची, बोर्ड बदलायचं आणि ते ऐन पावसात? गोव्यात माध्यमिक शाळा जवळजवळ सगळ्या इंग्रजी माध्यमाच्या, आणि अलीकडे वरच्या वर्गांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. तेव्हा तिचं हे वर्ष सोलापुरात पुरं होऊ दे. शाळेत दाखल्याची चौकशी नवरा जानेवारीतच करून ठेवेल. परीक्षा संपली की लगेच या. थोडे दिवस बुडतील, पण नवीन वर्गात सगळीच नवीन असतात. एप्रिल-मे हाताशी राहिले की तुला पुरुमेंत भरता येईल. पावसाळ्याआधी आम्ही मिरच्या, आमसुलं, सुकी मासळी, डाळी-कडधान्यं कडक ऊन दाखवून भरून ठेवतो. शाकाहारी असशील तर सुकी मासळी सोड, बाकी सगळं कर. हा पहिला पावसाळा नवऱ्याला एकट्याला काढू दे. त्यांचे कपडे वाळेनासे झाले की बैठ्या घराचं प्रेम आपोआप कमी होईल. दिवाळीच्या सुट्टीत तू मुलांना घेऊन दहा दिवस ये आणि त्यांनी निवडलेली दोन-तीन घरं बघ. शेवटचा शब्द तुझा, हे त्यांच्याकडून आत्ताच कबूल करून घे.

सासूबाईंचं राहिलं. दमेकरी माणसाला बुरशीची हवा खरोखरच बाधते, तेव्हा त्यांचा नकार हा नुसता हट्ट म्हणून उडवू नकोस. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. सोलापूरचं घर भाड्यानं देऊ नका. नवरात्रापासून मेपर्यंत त्या तुमच्याकडे, जून ते सप्टेंबर सोलापुरात, असं बसवता येईल. जवळ कोण राहणार हे दीर-जावांशी बसून आधीच ठरवायला हवं. ने-आण पाऊस लागायच्या आत करा, कारण पावसात आंबोली, चोर्ला, अनमोड या घाटांत कधी दरड येईल याचा नेम नसतो. आणि एक कानात सांगते: त्या चार महिने नसतील या विचारानं तुला थोडं हलकं वाटलं, तर त्यात पाप नाही. मात्र हा बेत त्यांना तू सांगू नकोस, त्यांच्या मुलाला सांगू दे. सुनेच्या तोंडून तोच बेत ‘मला काढून टाकतात’ असा ऐकू येतो.

नवऱ्याला आज रात्री फोन करशील तेव्हा पणजीचं नाव काढू नकोस. एवढंच म्हण, ‘टोकन थांबवा, आणि या रविवारी पाऊस चालू असताना त्या घराच्या मागच्या भिंतीचा फोटो पाठवा.’

— मावशी