आधी तपासा, मग तापकीर गल्ली गाठा

विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत 'जुना संगणक ठेवू की काढू' हाच सूर आहे. त्यातली काही पत्रे आणि त्यांच्या ओघाने आलेले इतर प्रश्न इथे घेतले आहेत, म्हणजे तापकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जाण्याआधी काय तपासायचे ते कळेल.

प्रश्न : घरी २०१२ साली जोडून घेतलेला पीसी आहे. दुसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड. विंडोज १० सुरू होईपर्यंत चहा होतो. दुकानदार म्हणतो, भंगारात द्या. खर्च करण्यात अर्थ आहे का? विंडोज ११ चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

अर्थ आहे, पण रॅम आणि एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिप्सवर साठवणारी वेगवान डिस्क) यांच्यापुरताच. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डावर या मशीनसाठी एक रुपयाही घालू नका.

आधी दुखणे कुठे आहे ते पाहा. मशीन सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये जा. सीपीयू वीस टक्क्यांच्या आसपास आणि डिस्क शंभरावर चिकटलेली दिसली, तर दोष हार्ड डिस्कचा. मेमरी काठोकाठ भरली असेल, तर विंडोज उरलेला पसारा त्याच डिस्कवर टाकत राहते आणि दोन्ही दुखणी एकमेकांना वाढवतात. तुमच्याकडे बहुधा हेच चालले असणार.

रॅम घ्यायला जाण्याआधी 'सीपीयू-झेड' हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. 'मेनबोर्ड'मध्ये बोर्डाचे मॉडेल कळते आणि 'एसपीडी'मध्ये कोणत्या स्लॉटमध्ये किती जीबीची, कोणत्या वेगाची पट्टी आहे ते दिसते. एच६१ बोर्डांवर बहुधा दोनच स्लॉट असतात आणि कमाल १६ जीबी चालते. तुम्हाला ८ पुरे. पट्टी डीडीआर३ हवी. १६०० मेगाहर्ट्झची मिळाली तरी घ्या, तुमच्या प्रोसेसरबरोबर ती १३३३ वर चालेल. एक फसगत मात्र टाळा. बाजारात संशयास्पद स्वस्त अशा डीडीआर३ पट्ट्या मिळतात, त्यांच्यावर किंवा त्यांच्या वर्णनात बारीक अक्षरांत 'फक्त एएमडी' लिहिलेले असते. त्यांच्या चिप्सची रचना इंटेलच्या बोर्डांना वाचता येत नाही. संगणक बीप देत बसतो आणि तुम्हाला वाटते बोर्ड गेला. दुकानातच बोर्डाचे मॉडेल सांगून 'चालली नाही तर परत' हे कबूल करून घ्या.

नवी पट्टी बसवल्यावर रात्रभर 'मेमटेस्ट८६ प्लस' चालवा. ते पेन ड्राइव्हवरून, विंडोजच्या बाहेर चालते. एकही चूक दाखवली तरी ती पट्टी परत करायची, 'एकच तर आहे' म्हणायचे नाही. सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली ८ जीबी बसवूनही सुमारे ३ जीबीच वापरण्याजोगी दिसली, तर विंडोज ३२ बिटचे आहे. ते बदलायला अपडेट चालत नाही, ६४ बिटचे नव्याने टाकावे लागते.

एसएसडी साधी, अडीच इंची साटा, २४० किंवा २५६ जीबीची घ्या. एच६१ चिपसेटचे साटा पोर्ट दुसऱ्या पिढीचे आहेत, त्यामुळे सेकंदाला अडीचशे एमबीच्या आसपासच वेग मिळेल, पाचशे नाही. त्याने रोजच्या कामात फारसे बिघडत नाही. जाणवणारा फरक पडतो तो हजारो छोट्या फायली शोधण्यात, आणि तिथे स्वस्तातली एसएसडीसुद्धा हार्ड डिस्कला कितीतरी मागे टाकते. एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान, वेगळ्या जोडणीची) एसएसडी आणि ती बसवायचे कार्ड कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. तुमच्या बोर्डाच्या काळातल्या बायॉसला (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) तिच्यावरून बूट करता, म्हणजे विंडोज सुरू करता, येत नाही.

जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवावी की विंडोज नव्याने टाकावे? आमचा कौल नव्याने टाकण्याला. एवढ्या वर्षांचा गाळ नव्या डिस्कवर कशाला न्यायचा? शिवाय ५०० जीबीवरून २४० वर उतरवताना डिस्कची हुबेहूब प्रत करणारे 'क्लोनझिला' सहसा अडून बसते, कारण त्याला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो. इन्स्टॉल करताना किल्ली विचारली तर 'माझ्याकडे किल्ली नाही' निवडा, आवृत्ती पूर्वीचीच घ्या, इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप अॅक्टिव्हेट होते.

त्याआधी दोन गोष्टी. बायॉसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) 'एएचसीआय' आहे का पाहा, या बोर्डांवर तो अनेकदा 'आयडीई' ही जुनी पद्धत असतो. आणि इन्स्टॉल करताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ती तशीच राहिली, तर विंडोज एसएसडीवर पण बूटच्या फायली जुन्या डिस्कवर, असा घोळ होतो. पुढे जुनी डिस्क काढली की संगणक उठतच नाही.

आता विंडोज ११. अधिकृतपणे त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. 'रुफस' या सॉफ्टवेअरने विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवताना या अटी वगळता येतात आणि तुमच्या मशीनवर ते चालेलही. पण पुढची मोठी अपडेट आपोआप येणार नाहीत, दर वेळी हीच कसरत. बँकेचे व्यवहार होणाऱ्या घरच्या संगणकावर आम्ही ती सुचवणार नाही. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल, तर सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यानंतर 'लिनक्स मिंट'ची एक्सएफसीई आवृत्ती वापरता येईल. तिच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत आधार आहे. आधी पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता चालवून बघा. प्रिंटर, वायफाय आणि मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग तिथेच तपासून होते.

प्रश्न : रोज सकाळी संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि ब्राउझर सगळ्या साइट 'असुरक्षित' म्हणतो. व्हायरस आहे का?
– एक निवृत्त शिक्षिका, सहकारनगर

नाही. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. तारीख चुकली की साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही, म्हणून ब्राउझर ओरडतो. सेलचे नाव सीआर२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वायर भिंतीतून काढा, चालू करायचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, अधिकची बाजू वर ठेवून नवा सेल बसवा. रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची आपली शिस्त चांगली, पण त्या वेळात घड्याळ फक्त सेलवर चालते, म्हणून तो जरा लवकर संपतो.

सेल गेला की बायॉस मूळ सेटिंग्जवर येते. तारखेबरोबर साटा मोडही पूर्वीचाच आहे ना ते पाहा. एएचसीआयचा आयडीई झाला, तर विंडोज निळा पडदा दाखवते आणि लोक उगाच फॉरमॅट मारतात.

प्रश्न : हार्ड डिस्क मधूनच टकटक करते. डिस्कची प्रकृती सांगणारे क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा 'कॉशन' (सावधान) दाखवते. त्यावर दहा वर्षांचे फोटो आहेत. ओळखीच्याने चेकडिस्क चालवायला सांगितले आहे. चालवू का?
– एक वाचक, हडपसर

चालवू नका. संगणक बंद करा आणि आधी हे वाचा.

चेकडिस्क फाइल सिस्टीम दुरुस्त करते, डिस्क नाही. खराब जागा शोधायला लावली तर ती संपूर्ण डिस्क तासन्‌तास घासून वाचते आणि वर त्यावर लिहितेही. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला एवढे श्रम झेपत नाहीत.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तीन ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहणारे, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. मूळ आकडे हेक्स (सोळाच्या) पद्धतीत असतात, '१सी' म्हणजे २८. 'फंक्शन'मधल्या प्रगत पर्यायांत ते दशमान करता येतात. सी७ ची ओळ एकटीच वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून साटा केबलचा. केबल बदला. तो आकडा खाली येत नाही, वाढायचा थांबला की झाले.

बायॉसला डिस्क दिसतच नसेल आणि नुसती टकटक चालू असेल, तर डिस्क वाचणारे हेड गेले आहे. घरी काहीही करू नका, डेटा काढून देणाऱ्या व्यावसायिकाकडे द्या. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय अजून फिरतो आहे. आत दव धरते आणि उरलीसुरली आशाही जाते.

दिसत असेल, तर 'सिस्टीमरेस्क्यू' ही दुरुस्तीची लिनक्स पेन ड्राइव्हवर घ्या आणि त्यावरून बूट करा. त्यात डिस्कची प्रत काढणारे 'डीडीरेस्क्यू' असते. तुमच्या डिस्कपेक्षा मोठी, रिकामी डिस्क जोडा. डीडीरेस्क्यू आधी सोपा भाग उचलते आणि अडणाऱ्या जागा शेवटी घेते. कुठवर आले हे नकाशा फाइलमध्ये लिहून ठेवते, त्यामुळे मधेच वीज गेली तरी तिथूनच पुढे जाता येते. नकाशा फाइल द्यायला मात्र विसरू नका. सर्वांत मोठा धोका आज्ञेतला क्रम उलटा होण्याचा. आधी दुखरी डिस्क, मग जिथे लिहायचे ते. उलटे झाले तर फोटोंवर रिकामी डिस्क उतरते. दोन्ही डिस्कांची क्षमता आणि मॉडेल कागदावर लिहून, पडद्यावर ताडून मगच एंटर दाबा.

पुढचे सगळे काम त्या प्रतीवर. आधी 'टेस्टडिस्क' वापरा, त्याने फोल्डर आणि नावे शाबूत मिळू शकतात. ते जमले नाही तर 'फोटोरेक'. ते फोटो काढून देते, पण नावे जातात आणि लग्न, बारसे, सहल सगळे एकाच ढिगात येते.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये डेस्कटॉप अचानक बंद पडतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसते.
– एक वाचक, पिंपळे सौदागर

४१ हे निदान नव्हे. विंडोज एवढेच सांगते की मागच्या वेळी नीट बंद झाले नव्हते. तापमान दाखवणारे 'एचडब्ल्यूइन्फो' फक्त सेन्सर निवडून चालवा आणि नोंद फाइलमध्ये साठवायला सांगा. बंद पडण्याआधीची शेवटची ओळ पाहा.

तापमान नव्वदीच्या वर गेले असेल, तर कूलर. इंटेलच्या मूळ कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्यातली एक सुटलेली निघणे अगदी नेहमीचे. प्रोसेसर आणि कूलरमधला जुना पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढा नवा लावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरवू नका.

साठ अंशांवरच बंद पडत असेल, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीवर. वीज काढून मदरबोर्डावरचे उभे, नळकांड्यासारखे कपॅसिटर बघा. माथा सपाट हवा, फुगलेला किंवा गळलेला असेल तर तोच गुन्हेगार. एसएमपीएस स्वतः उघडू नका, बंद असतानाही आत साठलेली वीज झटका देते. ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून पाहणे ही सर्वांत खात्रीची परीक्षा.

प्रश्न : आमचे छोटे डीटीपी केंद्र आहे. विंडोज एक्सपीच्या एका मशीनवर पानजुळणीचे पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट, मागे प्रिंटर पोर्टला लावलेली डोंगल (सॉफ्टवेअरची परवाना-किल्ली). वीस वर्षांची पुस्तके त्यात आहेत. मशीन गेले तर?
– सदाशिव पेठ

श्रीलिपी काय किंवा सी-डॅकचे आयएसएम काय, पुण्यातच घडलेली ही मराठी फॉन्टची सॉफ्टवेअर पेठांतल्या अनेक मशीनवर अजून चालू आहेत, त्यामुळे तुम्ही एकटे नाही.

पहिले काम, त्या मशीनची नेटवर्क केबल काढा. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. दुसरे, क्लोनझिलाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. डिस्क आयडीई (साटाच्या आधीची, रुंद केबलची) असेल आणि तशी नवी मिळत नसेल, तर आयडीई-साटा कन्व्हर्टर लावून छोटी एसएसडी बसते. कन्व्हर्टरवरचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) 'मास्टर'वर ठेवा. मदरबोर्डाला ती आयडीई डिस्कच वाटते, म्हणून एक्सपीला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जुन्या बायॉसला १३७ जीबीपुढचे दिसत नाही, तेव्हा १२० जीबीची घ्या.

डोंगलसाठी यूएसबीचे प्रिंटर कन्व्हर्टर घेऊ नका. ते प्रिंटरपुरते असतात, डोंगलला लागणारा थेट पोर्ट त्यातून मिळत नाही. खरा प्रिंटर पोर्ट असलेला जुना बोर्ड सुटा मिळाला तर आजच घेऊन ठेवा, आणि कंपनीकडे यूएसबी डोंगल किंवा नवी आवृत्ती बदलून मिळते का विचारा.

मजकूर युनिकोडमध्ये आणायचा असेल, तर कन्व्हर्टर नेमका त्याच फॉन्ट-कुळाचा हवा. या फॉन्टांत अक्षरांच्या जागी साधे संकेतांक साठवलेले असतात आणि प्रत्येक कुळाची मांडणी वेगळी. आधी पाचच पाने काढून तपासा. रफार, पहिली वेलांटी, 'ऱ्य' आणि 'क्ष', 'ज्ञ' यांत चुका राहतात. बिलांतले आकडेही बघा.

प्रश्न : 'पीसी बूस्टर', 'ड्रायव्हर अपडेटर' यांपैकी कोणते चांगले?
– धनकवडी

एकही नाही. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ केल्याने वेग वाढत नाही आणि ड्रायव्हर विंडोज अपडेट किंवा बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यावेत. सुरुवातीला आपोआप चालू होणारी लटांबळे काढायला मायक्रोसॉफ्टचेच 'ऑटोरन्स' वापरा. आधी पर्यायांत मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, म्हणजे विंडोजच्या कामाचे काही चुकून बंद होणार नाही. मग नको त्या नोंदीची फक्त खूण काढा, ती पुसू नका. दोन-तीन खुणा काढून संगणक पुन्हा सुरू करा आणि काही अडले तर खूण परत लावा. पिवळ्या ओळी म्हणजे ज्यांची फाइलच आता डिस्कवर नाही अशा नोंदी, त्यांच्यापासून सुरुवात करा.