रोबो येणार म्हणतात, मग बहिणीनं विट्यात शिलाईकाम शिकावं का?

खुशाल शिकू दे. विट्यातले यंत्रमाग बघून ही भीती वाटत असेल, पण मागावर सूत ताणलेलं असतं, म्हणून यंत्राला ते सोपं जातं. शिवताना कापड लुळं पडतं, रोबोची खरी अडचण तीच. शर्टाची बाही मुंढ्यापेक्षा, म्हणजे ती जोडायच्या खांद्याजवळच्या गोल कापापेक्षा, किंचित मोठी असते. तो जादा घेर बोटांनी सरकवत जिरवावा लागतो. 2016 मध्ये अमेरिकेत रोबोनं टी-शर्ट शिवला खरा, पण त्यासाठी कापड आधी रसायनानं पुठ्ठ्यासारखं कडक करावं लागलं! कटिंग, काजं-बटणं, खिसे यांना मात्र मोठ्या कारखान्यांत यंत्रं आलीच आहेत. त्यामुळे नुसत्या सरळ शिलाईवर थांबू नये. कॉलर, बाही, ओव्हरलॉक (कापडाची कड उसवू नये म्हणून घालायची शिलाई), जमलं तर कॉम्प्युटरवर पॅटर्न, म्हणजे कापायचे नमुने काढणंही शिकावं.