शाळेचा निर्णय नंतर, आधी खुब्याचं दुखणं

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे, आता कॅनडातल्या मिसिसॉगात राहतो. मुलगा 14 वर्षांचा, ट्रिपल ए, म्हणजे वयोगटातल्या सर्वांत वरच्या दर्जाच्या संघात आइस हॉकीचा गोलकीपर. पुढच्या मोसमाच्या अखेरीस ओएचएलचा, म्हणजे ऑन्टारिओ प्रांताच्या ज्युनियर लीगचा ड्राफ्ट; त्यात संघ नवे खेळाडू निवडतात. शाळेत 85 टक्के आहेत. शाळा सोडवून ऑनलाइन शिकवावं आणि पूर्ण वेळ खेळवावं का? सराव बारा महिने चालतो. हल्ली जांघेत दुखतं म्हणतो, पण ते निमित्त वाटतं. सामन्यानंतर गाडीत मी त्याला सुटलेला प्रत्येक गोल समजावतो. – एक वडील

उत्तर : तुम्ही विचारलंत शाळेचं. मला धास्ती वाटली ती तुम्ही दुखण्याला निमित्त म्हणालात त्याची.

खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेतच जाणवतं. बटरफ्लाय या गोल अडवण्याच्या पद्धतीत गुडघे बर्फावर टेकतात, पावलं बाहेर फेकली जातात आणि मांडीचं हाड खुब्यात आत वळतं. वाढीच्या वयात हे बारमाही चाललं, तर त्या हाडाच्या मानेपाशी जादा हाड वाढू शकतं आणि ते खोबणीच्या कडेला अडकतं. मोजे घालताना किंवा गाडीत बराच वेळ बसल्यावर दुखतं का, हे त्याला विचारा. अंग मोकळं व्हावं म्हणून जबरदस्तीने ताण देऊ नका. हाडच आड येत असेल तर दुखणं वाढेल. क्रीडावैद्यक डॉक्टरांना दाखवेपर्यंत बटरफ्लाय बंद. आणि तो लंगडत असेल तर त्याच दिवशी दाखवा, कारण या वयात मांडीच्या हाडाचं टोक वाढीच्या जागेवरून सरकण्याचा धोका असतो.

पॅडही तपासा. गणवेशासारखे वाढत्या अंगाचे पॅड घेतले असतील तर बदला. खाली बसल्यावर गुडघा आतल्या गादीच्या मधोमध टेकला पाहिजे. पॅड मोठे असले की गुडघा गादीवरून घसरतो, वरची टोकं एकमेकांवर आदळतात, दोन पायांमधली फट नीट बंद होत नाही, आणि त्या फटीतून गेलेल्या गोलाचा दोष पोराच्या माथी येतो.

गाडीतली शिकवणी आजपासून थांबवा. 6 फूट रुंद, 4 फूट उंच जाळीसमोर उभ्या मुलाला गर्दीआडून पक (खेळातली रबरी चकती) दिसतच नाही, कधी तो कुणाच्या तरी काठीला लागून दिशा बदलतो. वर प्रेक्षकांत बसून तुम्हाला जे दिसतं ते त्याला दिसलेलं नसतं. गोल का झाला हे गोलकीपरचे प्रशिक्षक पुढच्या सरावात व्हिडिओ लावून सांगतील. ते काम तुमचं नाही. गाडीत त्याला काय खायचंय ते विचारा.

सोळाव्या वर्षी ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही की सगळं संपलं, हा समज गोलकीपरच्या बाबतीत तर फारच चुकीचा आहे. ही जागा उशिरा पिकते. कॉनर हेलेबक मिशिगनमध्ये शाळेच्या संघातून खेळत होता. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या 2012च्या ड्राफ्टमध्ये तो 130व्या क्रमांकावर निवडला गेला, त्यानंतर दोन वर्षं विद्यापीठात खेळला आणि 2025मध्ये त्याने एनएचएलमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी मिळवली. सर्गेई बोब्रोव्स्कीला तर एनएचएल ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. पुढे त्याने फ्लोरिडाकडून 2024 आणि 2025 असे लागोपाठ दोन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं जिंकली. ओएचएल खेळलं की अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद, हा जुना नियमही 1 ऑगस्ट 2025पासून गेला आहे.

तरी गणित कठोर आहे. एनएचएलमध्ये 32 संघ, प्रत्येकात साधारण दोन गोलकीपर. म्हणजे जगभरातून 64 जागा, आणि त्यातले निम्मे रोज बाकावर बसतात. एवढ्यासाठी 85 टक्के मिळवणाऱ्या मुलाची शाळा सोडवू नका. ऑन्टारिओतल्या विद्यापीठांसाठी बारावीचे सहा विद्यापीठस्तरीय विषय लागतात, अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना असलेल्या एनसीएएसाठी 16 मुख्य विषय. ऑनलाइन विषय घेतलेच, तर ते एनसीएएला मान्य आहेत का हे आधी पाहावं लागतं.

डॉक्टरांनी मोकळं केलं तरी येत्या उन्हाळ्यात निदान दोन महिने पॅड माळ्यावर ठेवा. सॉकर, टेनिस, पोहणं, जे आवडेल ते त्याला खेळू द्या. ड्राफ्टच्या मोसमात उतरायचं की नाही, हे सप्टेंबरमध्ये त्यालाच विचारा. तुमच्या पत्रात त्याचं मत कुठेच नाही.