'बाबांना होता, म्हणजे माझंही तसंच होणार ना?'

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे रुग्ण समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसतात, तेव्हा पहिल्या नाही तर दुसऱ्या भेटीत हे वाक्य येतंच: "मॅडम, आमच्या घरातच आहे हे. मी काही यातून वाचत नाही." इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं.

माधवराव (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) आले ते केमो बंद करायचं ठरवूनच. वय 51, तिसरी स्टेज (आजार आतड्याजवळच्या लसीका ग्रंथींपर्यंत, यकृतासारख्या दूरच्या अवयवांत नाही), ऑपरेशन झालेलं, केमोच्या बारापैकी सात सायकल, म्हणजे फेऱ्या, पार पडलेल्या. डॉक्टरांनी पाठवलं म्हणून आले, नाहीतर आले नसते. खिशातून छोटी डायरी काढून त्यांनी एक पान माझ्यापुढे सरकवलं. वर वडिलांच्या निदानाची तारीख आणि मृत्यूची तारीख, मध्ये अकरा महिने. खाली स्वतःच्या निदानाची तारीख, अधिक अकरा महिने. उत्तराभोवती पेनने दोनदा गोल.

"चार महिने उरलेत. ते बोटं बधिर करून घेण्यात का घालवू?"

माझ्याकडे आकडे होते, पण तेव्हा काढले नाहीत. भेदरलेला माणूस आकड्यातूनही बरोबर आपली भीतीच उचलतो. मी विचारलं, "बाबांना त्रास कधीपासून होता? निदानाच्या वेळी आजार कुठवर गेला होता?"

"ते काही माहीत नाही. कॅन्सर होता, एवढंच."

"कागद असतील?"

"फाईल आहे. कपाटावर. वीस वर्षांत कुणी उघडली नाही."

माझ्याकडे कुणीही आलं की आधी त्याच्या घराण्याचा तक्ता निघतो, यावरून सहकारी मला चिडवतात. चिडवू देत. माणूस आजाराला जितका घाबरतो त्याहून जास्त घरात सांगितल्या गेलेल्या अर्ध्यामुर्ध्या गोष्टीला घाबरतो, असं मला इतक्या वर्षांत दिसत आलंय.

तिसऱ्या भेटीत ते फाईल घेऊन आले. प्लॅस्टिकचं कव्हर कागदाला चिकटलेलं, सोडवताना पहिल्या पानाचा कोपरा फाटला. ॲडमिशनच्या कागदावर लिहिलं होतं: शौचावाटे रक्त, 14 महिने. पुढच्या रिपोर्टात यकृतात अनेक गाठी.

बराच वेळ त्यांचं बोट त्या 'चौदा'वरच होतं.

"आम्हाला मूळव्याध सांगत होते," ते म्हणाले. आवाज चढला. "चौदा महिने! आईलासुद्धा बोलले नाहीत."

"आणि तुम्ही? रक्त दिसल्यावर किती दिवसांनी गेलात डॉक्टरकडे?"

"तीन आठवडे. दिसलं आणि आधी बाबाच आठवले." थोडं थांबून ते स्वतःच म्हणाले, "म्हणजे त्यांचा सापडला तेव्हा यकृतात होता. माझा नव्हता."

डायरीतलं पान त्यांनी फाडलं वगैरे नाही. मोबाइल काढला आणि आठवी सायकल कोणत्या वारी आहे ते पाहिलं. मी गप्प राहिले. तेवढं मला जमतं.

आता आकडे. इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. आई-वडील, भावंडं किंवा मुलांपैकी एकाला हा कॅन्सर झाला असेल, तर आपल्याला तो होण्याचा धोका साधारण दुप्पट धरतात. पण झाल्यावर किती जगणार, हा प्रश्न निराळा. त्याचं उत्तर मुख्यतः आजार कोणत्या स्टेजला सापडला आणि उपचार पूर्ण झाले का, यावर ठरतं. 2008 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात तिसऱ्या स्टेजच्या 1087 रुग्णांचा अभ्यास आला. सगळ्यांचं ऑपरेशन झालेलं, सगळे केमोच्या चाचणीत सहभागी. त्यांपैकी 195 जणांच्या जवळच्या नात्यात हा कॅन्सर होता. आजार उलटणं किंवा मृत्यू या गटात 29 टक्के, बाकीच्यांत 38 टक्के. म्हणजे ज्यांच्या घरात हा कॅन्सर होता, त्यांचं उलट थोडं बरं निघालं. सगळ्याच अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही, म्हणून हा आकडा मी दिलासा म्हणून वाटत नाही. फक्त 'घरात आहे म्हणजे संपलं' हे गणित त्यात बसत नाही, एवढं दाखवते.

डॉक्टरांना एक जरूर विचारा: गाठीवर लिंच सिंड्रोमची प्राथमिक तपासणी झाली का? या कॅन्सरच्या शंभरातल्या साधारण तिघांत हा आनुवंशिक दोष असतो. तो सापडला तर उपचार ठरवताना कामी येतो आणि नातेवाइकांची तपासणीही लवकर सुरू करता येते. घराण्याचा तक्ता करताना कुणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी, हे तिन्ही लिहा. गर्भाशयाचा कॅन्सर 'तो वेगळा' म्हणून गाळू नका. लिंचमध्ये तोही येतो.

आणि भावंडं. ज्यांच्या आई, वडील किंवा भावंडाला साठीच्या आत झाला, त्यांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी) करावी, असा सर्वसाधारण सल्ला असतो. लिंच असेल तर त्याहून बरीच लवकर. माधवरावांच्या वडिलांचं निदान 56 व्या वर्षी झालेलं. माधवरावांना स्वतःच्या चाळिसाव्या वर्षी हे कुणी सांगितलं नव्हतं.

"बहिणीला कळवलंत?" मी विचारलं. ती 46 वर्षांची.

ते माझ्याकडे बघत राहिले. ऑपरेशनसुद्धा तिला 'आतड्याचं काहीतरी' म्हणूनच सांगितलं होतं.

"बाबांसारखंच केलं मी," ते म्हणाले.

फोन त्यांनी माझ्याच खोलीतून लावला. बहीण रडली, मग रागावली. महिन्याभरात तिची कोलोनोस्कोपी झाली; दोन पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या गाठी, ज्यांचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) निघाले, तिथल्या तिथे काढले. माधवराव बाराव्या सायकलनंतर भेटायला आले, तेव्हा ती सोबत होती. खुर्चीत बसायच्या आत म्हणाली, "मॅडम, याला विचारा, मला आधी का नाही सांगितलं."