औषधपेटी : उरलेल्या गोळ्या, बोअरचं पाणी आणि मेडिकलवाल्याचा धंदा

प्रश्न : भाऊ, सासरे कॅन्सरनं गेले. त्यांच्या औषधांची पिशवी भरून पडली आहे. शुगरच्या, बीपीच्या, दुखण्याच्या गोळ्या, अर्ध्या बाटल्या. जाऊबाई म्हणतात, संडासात टाकून फ्लश करा. दीर म्हणतात, दशक्रियेला नदीवर जाणारच आहोत, तिथंच सोडू. काय करावं?
– एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर : ताई, आधी दिरांना थांबवा. तुमच्याकडे बोरी नदीत सोडलेलं आमच्या अमळनेरला येतं आणि पुढे तापीत जातं.

आता पिशवी चटईवर ओता आणि दोन वाटे करा. पहिल्या वाट्यात दुखण्याची आणि गुंगीची कडक औषधं : ट्रामाडॉल, मॉर्फिन, टॅपेंटाडॉल, डायझेपाम, फेंटानिलची अंगाला लावायची पट्टी असलं काही असेल तर ते. एवढ्यापुरत्या तुमच्या जाऊबाई बरोबर आहेत. 2025 मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेनं अशा 17 औषधांची यादी दिली आणि ती फ्लश करा असं सांगितलं. पाणी बिघडतं हे त्यांना कळत नाही असं नाही. पण फेंटानिलची वापरून काढलेली पट्टीसुद्धा रांगत्या पोराच्या हाती लागली तर जीव जाऊ शकतो. तिथं पोर आधी, नदी नंतर.

बाकी सगळ्याला संडास नको, मोरी नको आणि बोरी तर नाहीच. गोळ्या स्ट्रिपमधून सोडवा, चहाच्या चोथ्यात नाहीतर ओल्या मातीत कालवा, पिशवीत घट्ट बांधा आणि घंटागाडीत द्या. उकिरड्यावर टाकू नका, उन्हाळ्यात तेच खत शेतात पडतं. रिकाम्या स्ट्रिपा कात्रीनं कापा, बाटल्यांची लेबलं खरवडा. भंगारातून काय काय पुन्हा बाजारात येतं हे आम्ही मेडिकल दुकानदार जाणून आहोत. इन्सुलिनच्या सुया असतील तर जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात भरून दवाखान्यात विचारा, ते त्यांच्या कचऱ्यात घेऊ शकतात.

मेडिकलवाला परत घेईल का? दुकानातला एक्सपायरीचा माल होलसेलरकडे जातो. घरून आलेली अर्धी स्ट्रिप त्या हिशेबात बसत नाही, म्हणून बहुतेक जण नाही म्हणतात. केरळ सरकारनं 2025 पासून अशी घरातली औषधं गोळा करायला घेतली आहेत. आपल्या नगरपालिकांनी पाणीपट्टी भरायच्या खिडकीपाशी एक डबा ठेवला तरी पुष्कळ होईल.

आणि एक सांगतो, पिशवी टाकल्यानं प्रश्न संपला असं समजू नका. टाकलेल्यापेक्षा गिळलेलं औषधच पाण्यात जास्त जातं. शुगरची मेटफॉर्मिन शरीरात मोडतच नाही, काम करते आणि लघवीतून जशीच्या तशी बाहेर पडते. फिटची कार्बामाझेपिन सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्रालाही फारशी दाद देत नाही. 2022 मध्ये 104 देशांतल्या नद्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात ही दोन औषधं आणि चहा-कॉफीतलं कॅफीन निम्म्याहून जास्त ठिकाणी सापडलं. म्हणून काय शुगरची गोळी सोडायची? अजिबात नाही. सोडायची ती नको असलेली गोळी, तिच्याकडे खाली येतो.

प्रश्न : आमची बोअर नाल्याजवळ आहे. पाणी उकळून प्यायलं तर औषधांचे अंश जातात का? आरओ बसवू का?
– केळी बागायतदार, यावल तालुका

उत्तर : उकळल्यानं जंतू मरतात, औषध जात नाही. आरओनं बरंचसं जातं, पण तेवढ्यासाठी पैसे घालू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं 2012 मध्ये हा प्रश्न तपासला. पिण्याच्या पाण्यातल्या अशा अत्यल्प अंशांनी माणसाला थेट अपाय होण्याची शक्यता फारच कमी आहे, असा निष्कर्ष निघाला. केळीला तुम्ही युरिया सोडता, तेव्हा त्यातून पाण्यात उतरणारं नायट्रेट आधी तपासा आणि नाल्याचे जंतू तपासा. नेहमीच्या पाणी तपासणीत औषधं बघतच नाहीत, त्यामुळे रिपोर्ट ‘चांगला’ आला तरी त्यावरून औषधांचं काही कळत नाही.

प्रश्न : तुम्ही सगळं आमच्यावर ढकलता. कारखाने सोडतात त्याचं काय? की कंपन्यांवर बोलायला मेडिकलवाल्यांना अडचण आहे?
– एक शिक्षक, धुळे

उत्तर : सर, अडचण नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूत सुमारे 90 औषध कारखान्यांचं सांडपाणी एका प्रक्रिया केंद्रात यायचं. तिथून शुद्ध म्हणून बाहेर पडलेलं पाणी स्वीडिश संशोधकांनी तपासलं आणि 2007 मध्ये छापलं : लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक. त्याची 500 ची गोळी घेतलेल्या रोग्याच्या रक्तात साधारण याच्या दहाव्या हिश्श्याएवढंही नसतं. अशा पाण्यात जे जंतू तगतात, ते त्या औषधाला पुरून उरलेले. जानेवारी 2020 मध्ये केंद्रानं कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणतं अँटिबायोटिक किती चालेल याचा मसुदा काढला. 2021 मध्ये पक्के नियम आले, तेव्हा ते आकडे त्यात नव्हते. कोणी काढायला लावले असतील, हे ओळखायला शिक्षक व्हावं लागत नाही.

पण आपल्या गिरणा-पांझरेच्या काठी एवढे औषध कारखाने नाहीत. आपला वाटा काउंटरवरून जातो. पाऊस पडला की सुरू होतं : ‘‘भाऊ, सर्दी शे, अजिथ्रोच्या दोनच गोया द्या.’’ सर्दी विषाणूची, अजिथ्रो जंतूंवरचं अँटिबायोटिक, ते तिला लागूच पडत नाही. स्ट्रिपवर लाल रेघ आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय देऊ नये. मी नाही म्हणतो, गिऱ्हाईक रस्ता ओलांडतं आणि तिकडे ती मिळते. हे छापून आल्यावर समोरच्याशी वाकडं येणार. येवो.

गोठ्यातही तेच. गाईला दगडी (कासेची सूज) झाली की कासेत सोडायची ट्यूब, डॉक्टरला न विचारता, मागची उरलेली. औषध काही दुधात उतरतं, काही शेण-मुतातून उकिरड्यावर आणि तिथून विहिरीच्या वाटेला लागतं. मागची ट्यूब घरात असेल तर ती मघाच्या चोथ्याच्या पिशवीत घाला आणि गाईसाठी डॉक्टरला फोन करा.